उभ्या मंडपाची जप्ती

समोरच्या माणसाच्या बाहीचं कापड चाचा आधी दोन बोटांत धरून चोळत आणि मगच बोलायला लागत. पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा खुर्चीवर टांगलेला माझा काळा कोट त्यांनी तसाच चोळून पाहिला. म्हणाले, "बेटी, लुटलं तुले. हे कापड एका उन्हाळ्यात लाल पडते." मी म्हटलं, दाव्याचं बोला. तर म्हणाले, "ते तू बोल. शिकलेली तू हाय."

शिकलेली मी आहेच. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि महागावला कोर्टासमोर माझ्या नावाची पाटी आहे. अशिलानं माझं ऐकावं, एवढीच माझी अपेक्षा असते. चाचांनी ती एकदाही पुरी केली नाही.

चाचा मंडपाचं कापड शिवायचे. फुलसावंगीकडच्या एका मंडपवाल्याला त्यांनी लग्नाचा अख्खा मंडप उधारीवर शिवून दिला. छत, कनाती, झालरी, सगळं. सीझन झाला की देतो, असं तो म्हणत राहिला. इकडे ठोक व्यापाऱ्याचं कापडाचं बिल फेडायला चाचांना जाड कापड शिवायची आपली मशीन विकावी लागली. दुकान बंद झालं. म्हातारपणी ते आणि त्यांची मुलगी दुसऱ्याच्या दुकानात बसून ऑटोचे हूड शिवू लागले. मशीन परत घ्यायची, आपलं दुकान उघडायचं, एवढ्यासाठी हा दावा होता.

तारखेला मंडपवाला बहुतेक येत नसे. आला तर चाचा त्याला बाहेरच्या टपरीवर नेऊन चहा पाजत. मी रागावले की म्हणत, "एवढ्या दुरून येते तो. उपाशी असन." बिलावर त्याची सही का घेतली नाही, असं समोरच्या वकिलानं विचारलं, तर साक्षीत सांगून मोकळे झाले की ओळखीच्या माणसाले सही मांगाची लाज वाटते. मी कपाळाला हात लावला. शेवटी 'सीझन झाला की देतो' या मंडपवाल्याच्याच व्हॉट्सअॅपवरच्या मेसेजवर मी तो दावा जिंकला.

निकाल लागला की पैसा येतो असं लोकांना वाटतं. येत नाही. पुन्हा वसुलीची दरखास्त टाका, वॉरंट काढा, कोर्टाचा बेलीफ घेऊन जप्तीला जा. कोणता माल उचलायचा ते दाखवायला दावा जिंकणाऱ्यानं बरोबर जावं लागतं. गाडी करून आम्ही गेलो. मंडप एका शेतमजुराच्या दारात उभा, आणि खाली हळद चाललेली.

चाचा बेलीफाला म्हणाले, "साहेब, उभा मंडप उतरवत नाही कोनी. पोरीची हळद हाय."

"चाचा, पोरगी तुमची नाही," मी म्हटलं.

"मंडप तर माह्या हातचा हाय."

बेलीफ आग्रहाला मान देऊन जेवला आणि 'अर्जदाराने मुदत मागितली' असा अहवाल त्यानं लिहिला. चाचा तोवर खिशातली सुई काढून कनातीची उसवलेली शिवण घालत बसले होते. पैसे बुडवणाऱ्याच्या मंडपाची. फुकट.

मंडपवाल्यानं हे बरोबर हेरलं. जप्तीचा सुगावा लागला की मंडप कुठे ना कुठे उभा असे. कुणाचा वाढदिवस, कुणाची वास्तुशांती. एकदा तर नुसताच मोकळ्या मैदानात, खाली एक बकरी बांधलेली. चाचा त्यालाही हात लावू देईनात. त्या दिवशी माझा तोल गेला. म्हटलं, "तुमाले मशीन पाह्यजे का नाही?"

म्हणाले, "पाह्यजे ना बेटी. रोज सपनात चालते."

मी पुढची तारीख घेतली.

तुम्ही म्हणाल, किती चांगला माणूस. असेल. पण घर त्यांच्या मुलीच्या शिलाईवर चाललं होतं, आणि तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात चाचा गेले. तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुव्याला मी गेले, तर दारात तोच मंडप. मंडपवाल्यानं स्वतः आणून लावला होता, भाडं न घेता. आल्यागेल्याला पाणी देत होता, मधूनच डोळे पुसत होता. ते रडणं खोटं नसावं. मला त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी माणसं पांगली तसा तो मंडप सोडायला लागला. त्याच्या माणसांनी टेम्पो दाराशी आणला. चाचांची मुलगी बाहेर येऊन उभी राहिली. तिनं छत उतरू दिलं, कनाती सुटू दिल्या, सगळ्याच्या घड्या होऊ दिल्या. मग म्हणाली, "टेम्पोत नोका टाकू. घरात ठेवा."

मंडपवाला माझ्याकडे पाहू लागला. अशी परस्पर जप्ती कायद्यात बसत नाही, हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. वारसाचं नाव लावा, नवं वॉरंट काढा, बेलीफ आणा. मी काही बोलले नाही. माणसांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि एकेक घडी उचलून आत नेली.

'जाऊ दे बेटी, त्याचा धंदा हाय,' असं म्हणायला चाचा नव्हते.