दाजींचा डेटाबेस

जावयाशी भांडता येत नाही. आमच्याकडं जावई जेवायला बसला की त्याच्या ताटात काय कमी पडलं यावर सगळं घर डोळा ठेवून असतं. त्याचा डेटाबेस चुकलाय हे त्याला कोण सांगणार?

माझे दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. पण त्याआधी तो माझा आतेभाऊ. उदगीरला आत्याकडं घालवलेल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या याच्याशी मारामाऱ्या करण्यात गेल्या. पुढं कॉम्प्युटर शिकलो तेही एकत्रच, एकमेकांच्या कोडला शिव्या घालत. मग बहीण आत्याच्या घरात दिली. मामाची मुलगी करायची रीतच आहे आमच्यात, त्यामुळं कुणाला काही वेगळं वाटलं नाही. हळदीच्या दिवशी आईनं मला बाजूला घेऊन बजावलं, "आता अरे-तुरे बंद. दाजी म्हणायचं." म्हणायला लागलो. तेव्हापासून आमचं एकही धड भांडण झालेलं नाही, आणि मला त्या भांडणांची फार आठवण येते.

नोकरी सोडून मी दाजींसोबत धंद्यात पडलो ते मनात हेच धरून. वाटलं, काम करता करता जुना आतेभाऊ परत सापडेल. नांदेडला त्यांच्या घरातली पुढची खोली हेच आमचं ऑफिस. मी लातूरहून बसनं जायचो. काम होतं भावकी आणि सोयऱ्याधायऱ्यांसाठी सोशल नेटवर्क बनवायचं. माणसं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, आणि लग्नात समोर आलेला माणूस आपला कोण लागतो हे पोरांना सांगता येईना. फोननं आमच्या एपीआयला, म्हणजे मधल्या निरोप्या प्रोग्रामला, विचारायचं, "हा माझा कोण?" आणि एपीआयनं डेटाबेसात बघून उत्तर द्यायचं. एवढं सोपं.

दाजींनी कुठल्याशा बंगळुरूच्या माणसाचे व्हिडिओ पाहिले आणि ठरवून टाकलं, की प्रत्येक माणसाचा एक कप्पा करायचा आणि त्याचे सगळे सोयरे त्या कप्प्यातच कोंबायचे. प्रत्येकाच्या नावापुढं त्याचं नातं. माझं म्हणणं होतं की माणसांचं एक टेबल, म्हणजे तक्ता, करू आणि नात्यांचं वेगळं. दोन माणसांत जेवढी नाती, तेवढ्या ओळी.

"टेबलं आता कोण वापरतंय? म्हाताऱ्यांचं काम हाय ते," दाजी म्हणाले.

"बरोबर आहे दाजी, पण..." मी म्हणालो.

माझं 'बरोबर आहे' त्यांना ऐकू यायचं. 'पण'च्या पुढचं कधी आलं नाही. चाकूर मागं पडल्यापासून बसमध्ये मी मुद्दे घोळवत बसायचो, अगदी ठणकावून सांगायचे म्हणून. नांदेडला उतरून त्यांच्या दारात चप्पल काढली की तोंडातून निघायचं, "तसं तुमचंबी चूक नाही." तोंड दाबून बुक्क्यांचा मार! बरं, पद्धत त्यांची आणि राबायचं मी. एखाद्यानं फोटो बदलला की त्याच्या प्रत्येक सोयऱ्याच्या कप्प्यात जाऊन जुना काढा, नवा टाका. एक राहिलाच, तर तिथं तो माणूस अजून मिशीवाला. त्यात दाजींनी वाढदिवसाच्या शुभेच्छांचंही काम घेतलं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.

शेवटी पहिलं गिऱ्हाईक बघायला आलं. रिटायर झालेले एक हेडमास्तर, नांदेडचेच. त्यांच्या भावकीला आवडलं असतं तर आमचं चालू झालं असतं. पुढच्या खोलीत बसून त्यांनी स्वतःच फोन हातात घेतला. आधी आईकडची माणसं भरली, मग बायकोकडची. मग बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिले.

"आमचे मामा कुठं गेले?"

मी बघितलं. मामा होते, पण नावापुढं 'सासरे' लिहिलेलं. मास्तरांनीही मामाची मुलगी केलेली. एका नावापुढं एकच नातं मावत होतं. दुसरं भरल्यावर पहिलं पुसलं गेलं.

"सासरे दाखवतंय की गुरुजी. तेच ते," दाजी म्हणाले.

"सासरा झाला म्हणून मामा मरतो का?" मास्तर म्हणाले. "ह्या माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली. सासरा म्हणून बघितली न्हाई."

चहा न घेताच ते उठले. "नीट झालं की सांगा," एवढं मात्र म्हणाले. भले माणूस.

दार लावून दाजी माझ्यावर घसरले. "तुला म्हाईत होतं तर आधी बोलायला काय झालं होतं?"

माझं डोकंच फिरलं. "बोललो न्हाई? अरे, पहिल्या दिवसापासून बोंबलायलोय मी! तुला ऐकू येत न्हाई त्याला मी काय करू? स्वतः मामाची पोरगी केलीस आणि एका माणसाला एकच नातं ठेवतोस, येड्या? दाजी झालास म्हणून माझा आतेभाऊ मेला का?"

तो माझ्याकडं बघत राहिला, आणि त्याचे ओठ हलले. उदगीरला शिवी द्यायच्या आधी हलायचे तसेच. दे, मी मनात म्हणालो, एक सणसणीत शिवी दे, मग बसू आणि रात्रभर भांडून सगळं नव्यानं करू. पाहिजे तर तुझ्याच पद्धतीनं करू.

तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"दाजीला अरे-तुरे करायलास व्हय? आईला सांगू का?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं, सरळ होऊन बसले आणि कप उचलला.

"तुमचंच बरोबर आहे," दाजी मला म्हणाले. "तुम्ही म्हणता तशी टेबलं करू."