मध्यंतरापर्यंतचं परीक्षण

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला, पण अर्धं नाटक पाहून अख्ख्या नाटकाचं परीक्षण लिहिलं ते एकदाच. धुळ्याला प्रयोग होता आणि मला जळगावची शेवटची एसटी गाठायची होती. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला नि निघाले. खिडकीशी बसल्या बसल्या मथळाही सुचला, ‘उसनी वेदना’. इतकी खूश झाले की कंडक्टरला वाचून दाखवला. त्यानं आधार कार्ड मागितलं.

नाटक तुषारचं होतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं. लिहिलेलं त्याचं, मुख्य कामही त्याचंच. मुलगी सोडून जाते, मुलगा फार्महाऊसवरच्या पार्ट्यांत शिरतो, पावडर ओढतो, नाचत राहतो… मला ते सगळं मुंबईहून पार्सल आल्यासारखं वाटलं. प्रेमभंगाचा माझा स्वतःचा अभ्यास एवढाच, की कॉलेजात असताना एका तबलजीपायी मी दोन दिवस भरीत सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी असोद्याहून वांगी आली आणि प्रेम संपलं. त्याच मापानं मी त्या पोराचं दुःख मोजलं. धुळ्यात कॉलेजच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या होत्या, एका गृहस्थांनी ‘अशानं पोरं बिघडतील’ असं पेपरच्या पुरवणीला कळवलं होतं; पण माझं परीक्षण छापून आलं आणि बाकीच्यांनी नाटक पाहण्याचे कष्टच घेतले नाहीत. चाळीसगावात नाटकाच्या आधी ‘उसनी वेदना’ पोचली. खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जळगावचा प्रयोग झालाच नाही. आणि मी, पंचाहत्तरीची विदुषी, कात्रण फ्रिजला चिकटवून बसले होते.

तुषार आला तेव्हा हेल्मेट नेहमीसारखं त्याच फ्रिजवर ठेवलं. कात्रण वाचलं, हसला.
“अक्का, बठ्ठं पाहिलं ना तू?”
“सगळं पाहिलं तर.”
“मग शेवट कसा वाटला?”
“ढिसाळ,” मी म्हणाले.
पहिल्या रांगेतली माझी रिकामी खुर्ची त्याला रंगमंचावरून दिसली असणार, हे मला आत्ता सुचतं. तेव्हा मी वर विचारलं, “हे पावडर-बिवडर कुठे वाचलंस रे?” तो म्हणाला, “वाचलंच समज.” मी कळण्याची भाकरी वाढली. त्याचे हात थरथरत होते. मी म्हटलं, नाटकवाल्यांना भाकरीसुद्धा मोडता येत नाही… त्यावरही तो हसला. मित्राची गाडी खाली आली, तसा घाईनं गेला. हेल्मेट राहिलं.

त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही. सोनगीरच्या पुढे हायवेलगतच्या एका फार्महाऊसवर एका सकाळी तो उठलाच नाही. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुठल्या नाटकाबद्दल लिहीत होते. लोक समजूत घालतात, परीक्षणानं कोणी मरत नाही. खरंय. परीक्षणानं कोणी परतही येत नाही.

परवा प्राजक्ता आली, त्या नाटकात आजीचं काम करणारी मुलगी. नाटकात आजी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. ती माझा जुना चष्मा परत द्यायला आली होती. ‘एका कामाला हवा’ म्हणून तुषारनं नेला होता तो. तिनंच सांगितलं, दुसऱ्या अंकात मुलगा आजीच्या दारात येतो, म्हणतो, मला यातून बाहेर काढ, एकट्याला जमत नाही. त्याआधी हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नसतं.
“मग आजी काय करते?” मी विचारलं.
“दार उघडते. जेवलास का, विचारते. तो रडायला लागतो… आणि पडदा.”

मी चष्मा घेतला, कुठे ठेवावा सुचेना म्हणून फ्रिजवर हेल्मेटशेजारी ठेवला. प्राजक्ता चपला घालता घालता थांबली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.
“दुसरा अंक छोटाच होता, अक्का. तुमची एसटी चुकली नसती.”