दोन्ही हातांना चालणारा माउस

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोला माझं बहुतेक सगळं माहीत आहे — दहावीला कॉपी केली तेसुद्धा — पण हे नाही. आणि ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? एका माउसचं? हो, माउसचंच. कॉम्प्युटरवर गेम खेळायचा, स्वस्तातला. हसू आलं तर हसा. मीही इतकी वर्षं ते हसण्यावारीच नेत आलोय.

आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. घरी शेती, अण्णा शाळेत क्लार्क. मी मोठा, आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान बहीण, जागृती. ती डावखुरी. जन्मापासून.

आमच्या घरात डावा हात म्हणजे — कसं सांगू? तिने भाकरी डाव्या हाताने मोडली की आई चापट मारायची. पाहुण्याला पाण्याचा पेला डाव्या हाताने दिला की अण्णा तो परत आत पाठवायचे. प्रसाद, कुंकू, पेन्सिल — एकेका कामातून तो हात काढून घेतला. कुणी दुष्टपणाने नाही केलं, पोरीचं सासरी हसं होऊ नये म्हणूनच केलं. ती उजव्या हाताने लिहायला शिकली, पण अक्षर शेवटपर्यंत तिरपंच राहिलं.

मग माझ्या कोर्ससाठी घरी कॉम्प्युटर आला. मागच्या खोलीत ठेवला. तिथे तिच्या हाताकडे लक्ष ठेवायला कुणी नव्हतं. कॉम्प्युटरसोबत आलेला माउस साधा होता, दोन्ही बाजूंनी सारखा. तिने तो डावीकडे घेतला. बटणांची सेटिंग बदलली असती तर मी ओरडलो असतो, म्हणून ती मधल्या बोटाने क्लिक करायची. बंदुकांचा तो टीमचा खेळ मीच तिला शिकवला — आणि सहा महिन्यांत ती मला हरवायला लागली.

घरात हरवलं तोवर ठीक होतं. एका रविवारी शहाद्याहून माझे तीन मित्र आले. त्यांच्यासमोर ती बसली, चहाचा कप बाजूला ठेवून, आणि मला पाच वेळा मारलं. ओळीने पाच. एक जण म्हणाला, "तुन्ही बहीण तर डावा हातघाई मारस तुले!" डाव्या हाताने मारते म्हणून सगळे हसले. मीही हसलो. माझं ते हसणं किती खोटं होतं हे फक्त मलाच माहीत होतं. मत्सर — शब्द जड वाटतो, सख्ख्या बहिणीबद्दल वापरायला तर लाज वाटते. पण दुसरा कुठला वापरू?

त्याच दिवसांत सुरतेतला एक गेमिंग पार्लरवाला टीम बांधत होता. पाच खेळाडू घेणार, सराव तिथेच. आम्ही दोघांनी नावं दिली. आमची आत्या सुरतेलाच. जागृतीने अण्णांना बारावीच्या निकालापासून विचारून ठेवलं होतं — निवड झाली तर आत्याकडे राहून तिथल्याच कॉलेजला जाऊ का? अण्णा म्हणाले, "भाऊ संगे शे ना? मंग जा." म्हणजे मी सोबत आहे, या भरवशावर. नाही झाली निवड तर मात्र तिच्यासाठी एक स्थळ आलेलं होतंच.

आणि नेमका तेव्हा माउस बिघडला. एकदा दाबला की दोनदा दाबल्यासारखा धरायचा. निवडीला आपापला माउस आणायचा होता. मी सुरतेला निघालो होतो, दोघांना मिळून एक नवा आणायला. तिने मला दारापर्यंत येऊन सांगितलं, "भाऊ, दोन्ही हातले चालस असाच लई येजो." दोन्ही हातांना चालेल असा आण, एवढंच तिने मागितलं होतं.

दुकानदाराने स्वस्तातले दोन माउस काउंटरवर ठेवले. हे मला अजून लख्ख दिसतं. एक दोन्ही बाजूंनी सारखा, हलका, क्लिक मऊ. दुसरा उजव्या हाताचा — अंगठ्यासाठी डावीकडे खोलगट, उजवीकडे फुगलेला, आत लाल दिवा. मी दोन्ही हातात घेतले. दोन्ही दाबून पाहिले. पहिला डाव्या हातातही धरून पाहिला, म्हणजे नकळत झालं म्हणायलाही जागा नाही. तो चांगला होता. स्वस्तही तोच होता. मी दुसरा घेतला.

का? दुकानात मी मनाशी म्हणालो होतो, याचा सेन्सर बरा आहे. सेन्सर बरा होता का? मला आजही माहीत नाही. मला माहीत होतं ते इतकंच, की हा तिच्या हातात बसणार नाही.

घरी आल्यावर तिने खोका उघडला आणि माउस डाव्या पंजाखाली ठेवून पाहिला. फुगवटा चुकीच्या बाजूला आला. करंगळी खोबणीत अडकली. तिने वर पाहिलं. मी म्हणालो, "तसा आते भेटत नही, बंद व्हयना. भेटस तो बाहेर देशना, आपले परवडाव नही." आणि पुरावा म्हणून मोबाइलवर एक महागडा परदेशी माउस दाखवला, खास डावखुऱ्यांचा. तो माउस खरा होता. त्याची किंमत खरी होती. तेवढ्या खऱ्यावर मी माझं खोटं उभं केलं. तिच्याकडेही मोबाइल होता, शोधता आलं असतं. पण शोधेल कशाला? घरातला जाणकार मी होतो. ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ दे. उजवानी शिकी लिसू."

शिकायला तिच्याकडे बारा दिवस होते. बारा दिवस ती बसली, मनगटाला ओढणी गुंडाळून. एकदा आई मागच्या खोलीत डोकावली. पोरीचा उजवा हात चालताना पाहून तिला इतका आनंद झाला! "बरं व्हयनं बाई. भाऊनी सवय मोडी तुन्ही." त्या दिवशी आईने माझ्यासाठी शेवभाजी केली. जागृतीने वाढली. उजव्या हाताने. मी दोनदा मागून खाल्ली — हे सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकतो.

तेव्हाही वेळ होती. सकाळी दोंडाईच्याहून गाडीत बसलो असतो तर रात्रीपर्यंत तो दुसरा माउस घेऊन परत आलो असतो. मी नाही गेलो.

निवडीच्या दिवशी मी तिच्या मागे उभा होतो. समोर माणूस आला की तिची नजर बरोबर जायची, हात पुढे निघून जायचा. नजर थांबलेली, हात चुकलेला. एकदा तिचा डावा हात कीबोर्डवरून आपसूक उचलला गेला, माउसकडे निघाला, आणि तिने तो क्षणभर मांडीखाली दाबून धरला. पार्लरवाला भला माणूस होता, "बेन, आणखी सराव करा," एवढंच म्हणाला. मला त्यांनी राखीव खेळाडू म्हणून घेतलं. दोन महिन्यांनी काढून टाकलं. मला तिच्यासारखं खेळता येतच नव्हतं, कधीच नाही.

परतीच्या गाडीत नवापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुन्ही चूक नही, भाऊ. मन्हा हातच तसा शे." माझी समजूत घालत होती ती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, रेल्वेचा डबा अर्धा रिकामा होता. मी तिला शेंगदाणे दिले.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. माणसं चांगली आहेत, तिला काही कमी नाही — घरात सगळे असंच म्हणतात, मीही म्हणतो. कॉलेज राहिलं ते राहिलंच. तिने परत कधी तो खेळ उघडला नाही. माउस मात्र टिकला. लाल दिवा गेला, खोबण घासून गुळगुळीत झाली, पण चालतो. अण्णा त्याच्यावर सातबारे काढतात.

यंदा सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेला ती माहेरी आली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, घोडे बघून आलेली पोरं ओट्यावर. तिची मुलगी ओवी, पाच वर्षांची, मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर चित्र रंगवत बसली होती. मी दारात होतो. ओवीने माउस ओढून डावीकडे घेतला होता आणि त्या फुगवट्याशी झटत होती. जागृती आली. वाकून तिने पोरीचा डावा हात माउसवरून उचलला — चापट नाही मारली, अगदी हळू उचलला — आणि उजवा ठेवला.

"असा नही, बेटा. डावा हातना माउस भेटतच नही. इचार मामाले."

ओवीने माझ्याकडे पाहिलं. जागृतीनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशयाचा मागमूस नव्हता, इतक्या वर्षांत कधीच नव्हता. एक वाक्य लागत होतं. आता तर शहाद्याच्याही कुठल्याही दुकानात मिळतो, एवढंच.

"नही भेटत, बेटा," मी म्हणालो.

ओवीने डावा हात मांडीखाली घेतला, आणि उजव्या हाताने रंग भरू लागली.