एक नंबरचं बटण

आमच्या बेकरीत तेव्हा माणूस टिकत नव्हता. सकाळी रुजू झालेला दुपारच्या सुट्टीत सँडविच आणायला म्हणून बाहेर पडायचा आणि परत यायचाच नाही. काम अवघड नव्हतं. थंड झालेले बन पट्ट्यावरून सरकत येत, त्यांतले वाकडे-फुटके वेचायचे, बाकीचे खोक्यात भरायचे. पण दिवसभर उभं राहायचं, पीठ नाकातोंडात जायचं, आणि त्याच रस्त्यावरच्या गोदामांत पगार बरा होता. मी एचआरमध्ये होते. मॅनेजर रोज कॉफीचा कप घेऊन माझ्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "आज किती गेले?"

शेवटी आम्ही निर्वासितांना वसवणाऱ्या एका संस्थेला विचारलं. त्यांची पांढरी व्हॅन आली आणि तिच्यातून काही तरुण मुलंमुली उतरली. त्यांत एक अफगाण मुलगी होती, विशीच्या आतबाहेरची. पेशावरच्या छावणीत वाढलेली. तिची उर्दू आणि माझी नागपूरची हिंदी, दोघींचं जमून गेलं. मॅनेजरने त्याचा ठरलेला प्रश्न विचारला, पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतेस? मी हिंदीत सांगितलं.

"इथेच," ती म्हणाली. "हाकललं नाही तर."

मी मॅनेजरला फक्त पहिला शब्द सांगितला.

ती टिकली. बरोबरची बरीचशी मुलंही टिकली. मॅनेजर माझ्या दारात यायचा बंद झाला. मग संस्थेकडून निरोप आला की पैसे आटले आहेत, मुलांना कामावर रोज ने-आण करणारी व्हॅन या महिन्याअखेर बंद होईल. तिच्या अपार्टमेंटपासून बेकरीपर्यंत बस जात नाही. बाकीच्यांना कुणी भाऊ, कुणी ओळखीचा मिळाला. तिची पाळी पहाटे सुरू व्हायची, त्या वेळी त्या बाजूने येणारं कुणी नव्हतं. घरात आई आणि दोन लहान भाऊ, आणि कमावणारी ती एकटी. मॅनेजर म्हणाला, मुलगी चांगली आहे, पण तिला आणायला मी जाऊ शकत नाही. लायसन्स मिळालं तर चुलतभावाची जुनी गाडी तिला मिळणार होती. शिकायचा परवाना तिने आधीच काढला होता. शिकवणारं कुणी नव्हतं.

मी शिकवते म्हणाले. त्यात उपकाराचा भाग थोडाच होता. नवरा जाऊन दीड वर्ष होत आलं होतं आणि शनिवार माझा जाता जात नसे.

आम्ही माझ्या छोट्या गाडीतून एका बंद ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जायचो. मी तिला क्रम सांगितला होता. आधी सीट, मग आरसे, मग पट्टा, मगच गाडी सुरू. ती पुटपुटत एकेक करायची. वळताना ओठ दातांखाली धरायची. दमलो की गाडीतच डबा उघडायचो. माझे पोहे तिला आवडले, पण ती म्हणाली, "आंटी, याला तिखट म्हणतात का तुमच्यात? आजारी माणसाचं जेवण वाटतं." पुढच्या शनिवारी मी मिरच्या वाढवल्या. बऱ्याच महिन्यांनी मी दोन माणसांचा अंदाज घेऊन कांदा चिरत होते.

नवऱ्याची गाडी गराजमध्ये उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून मी ती रविवारी सुरू करायचे. तिच्या दाराला आतून ड्रायव्हरच्या सीटची बटणं आहेत, दाबलं की सीट आपोआप सेव्ह केलेल्या जागी जाते; एक नंबर त्याचं, दोन नंबर माझं. रविवारी मी आत बसले की आधी एक नंबर दाबायचे. सीट बारीक आवाज करत मागे जायची, पाठ कलायची, माझे पाय पेडलपासून सुटायचे. तो उंच होता. तेवढ्या जागेत मी थोडा वेळ बसायचे, मग दोन नंबर. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असतो. तो फोनवर म्हणायचा, "आई, जस्ट सेल इट. बाबा वुडन्ट माइंड." मी म्हणायचे, बघू.

लायसन्सच्या परीक्षेचा दिवस महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. सकाळी केंद्रावर पोचलो. परीक्षक आधी गाडीभोवती फिरला आणि समोरच्या काचेपाशी थांबला. आदल्या दिवशी हायवेवर एका ट्रकमागून दगड उडून काचेला लागला होता, आणि रात्रीतून तडा पार ड्रायव्हरच्या बाजूपर्यंत पोचला होता. तो म्हणाला, या गाडीवर परीक्षा घेता येणार नाही. दुपारी एक जागा आहे, दुसरी गाडी आणा. त्यानंतरची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

व्हॅनचे शेवटचे दोन-तीन दिवस उरले होते, हे दोघींना माहीत होतं.

"घरी अजून एक गाडी आहे," मी म्हणाले.

अल्फारेटाला माझ्या घरी परत जाताना ती मधेच म्हणाली, "अंकलची?" मी हो म्हटलं. गराजमध्ये मी दोन नंबर दाबलं आणि गाडी बाहेर काढली. केंद्रावर उतरून तिला किल्ली दिली आणि आतल्या बाकावर जाऊन बसले. पुस्तक उघडलं, त्याच पानावर राहिलं. काचेतून दिसलं, ती सीट पुढे घेत होती, आरसे फिरवत होती. परीक्षक शेजारी बसला. गाडी हळू निघाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

परत आली तेव्हा तिच्या हातात कागद होता. तिने तो मला दाखवला नाही, नुसता वर धरला. चालवत मीच नेते, म्हणाली. मी शेजारी बसले. त्या गाडीत माझी तीच जागा होती, एवढी वर्षं.

"साहेबाने एक विचारलं," ती म्हणाली. "स्टीअरिंगला हात लावून कपाळाला का लावलास?"

"तू असं केलंस?"

"बिस्मिल्लाह म्हटलं, मग तुमचं पण केलं. सीट, आरसे, पट्टा आणि ते. मला वाटलं, रूल आहे इथला."

मी तिला तो नियम कधी सांगितला नव्हता. ती सवय नवऱ्याची. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. हा देव मानायचा नाही, मंडळाच्या गणपतीत आरतीला मागे उभा राहून फोन बघायचा, पण स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय त्याने कधी गाडी सुरू केली नाही. तो गेल्यावर ती सवय माझ्या हाताला कधी लागली, मला कळलंही नव्हतं.

"मग तू काय सांगितलंस?"

"आंटीचा रूल. त्याने कागदावर काही लिहिलं नाही. म्हणाला, चला."

मी हसले. तीही हसली, आणि लगेच रस्त्याकडे बघत गंभीर झाली. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "माझी सीट एक नंबरवर सेव्ह करून ठेवली. नापास झाले असते तर याच गाडीने परत परीक्षेला यायचं होतं ना. दोन नंबरवर तुमची होती, तिला हात नाही लावला."

मी तिच्या दारावरच्या बटणांकडे बघितलं. "बरं केलंस," मी म्हणाले.

ती अजून बेकरीत आहे. चुलतभावाच्या गाडीतून पहाटे येते, येताना तिच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोघींना घेऊन येते. मी पोचते तेव्हा तिचा अर्धा दिवस झालेला असतो. काचेपलीकडून ती हात करते, मी करते. शनिवारी तिला भावांना घेऊन कुठे कुठे जायचं असतं. ते तसंच हवं होतं. मी पोहे पुन्हा एकटीपुरते, मुठीने मोजून भिजवते.

परीक्षेनंतरच्या पहिल्या रविवारी मी एक नंबर दाबलं. सीट पुढे पुढे येत गेली आणि माझे गुडघे स्टीअरिंगखाली टेकले. मग सीटच्या बाजूच्या बटणाने ती मागे नेली. एवढी? की अजून जरा? त्याच्या जागेवरून मला कळेना, कारण दर रविवारी ती जागा बटणच शोधून द्यायचं, मी कधी नीट बघितलीच नव्हती. उतरून पलीकडून शेजारच्या सीटवर येऊन बसले. तिथून मला माहीत होतं, त्याचा खांदा दाराच्या खांबाला जिथे पट्टा अडकवलेला असतो त्याच्या किंचित मागे असायचा. परत जाऊन सीट सरकवली, परत येऊन बघितली. असं काही वेळा केलं. शेवटी बरीचशी जुळली असं वाटलं. खात्री देणारं कुणी नव्हतं.

सेव्ह करायचं बटण मात्र दाबलं नाही. एक नंबर आता तिचा आहे. काचेला तडा कधीही जातो, आणि तिची गाडी जुनी आहे.

मुलाचा फोन वाजत होता. मी दोन नंबर दाबलं, सीट माझ्या जागी येईपर्यंत थांबले, आणि मग उचलला.