राईतला बेहडा

आमच्या देवराईतलं पडलेलं लाकूड बाहेर न्यायचं नाही, चुलीला काडीसुद्धा नाही. वाईपासून तासाभरावरच्या आमच्या गावात हा नेम कडक पाळतात. पाळतात म्हणे!

सात-आठ पावसाळ्यांपूर्वी राईतला जुना बेहडा पडला. माझे वडील देवीचे गुरव. पूजा उरकली की ते त्या खोडापाशी जाऊन बसायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आधी खोडावर बुरशी चढली, लाकूड भुसभुशीत झालं, मग वाळवी आली. बुरशीनं मऊ केलेलं लाकूड वाळवीला सोपं जातं. ते ती शेजारच्या वारुळात नेते, त्यावर स्वतःची वेगळी बुरशी पिकवते, आणि पावसात वारुळावर अळंबी फुटते. खोडाची माती होत गेली, त्या मातीत बेहड्याची पाच रोपं आली. वडील त्यांना नातवंडं म्हणायचे.

यंदा देवळापुढं सागवानी खांबांचा मंडप झाला. तेव्हा वडील गुडघ्याच्या दुखण्यानं साताऱ्यात माझ्याकडं होते. "रोपं बगून ये," एवढंच त्यांनी बजावलं. मी पोचले तेव्हा मंडपाच्या उद्घाटनाची पंगत बसली होती. आमटीला धुराचा वास होता. चुलीवरची चव ती चुलीवरची, असं म्हणत मी पुन्हा वाटी पुढं केली.

जेवून देवळामागं राईत गेले. खोड नव्हतं. तिथं तीन दगडांची चूल होती, राखेत रोपं करपलेली, आणि वारुळातून औषधाचा उग्र दर्प येत होता.

"नेम मोडला न्हाई बरं का, आक्का," माझा चुलतभाऊ म्हणाला. देवस्थान समितीचा तोच अध्यक्ष. "काडी भायेर नेली न्हाई. हितंच फोडलं, हितंच जाळलं, देवीच्याच परसादाला. मंडपाला वाळवीची भीती न्हाई आता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नागपंचमीला याच्याच घरच्या बायका त्या वारुळाला लाह्या वाहतात, आणि यानं त्यात विष ओतलं!

"उद्या ही झाडं पडली की त्यांची माती कोण करणार? तुझी समिती?" मी ओरडले. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली.

"लय मनाला लावून घेतीस तू," तो म्हणाला आणि वाढप्यांना हाका मारायला निघून गेला.

साताऱ्याला पोचले तर वडील दारातच खुर्ची टाकून बसलेले. "रोपं हायती न्हवं गं?"

माझ्या तोंडाला अजून आमटीची चव होती.