हुंकार थांबला तरी

त्या संध्याकाळी फोन नेहमीपेक्षा जरा लवकर वाजला. मी नुकताच चहा ठेवला होता. स्क्रीनवर मंदाचं नाव दिसलं तशी मी ‘हॅलो’सुद्धा न म्हणता तिच्यावर डाफरले, “अगं दम धर की जरा! चहा तरी होऊ दे. पुस्तक काय पळून चाललंय?”  पलीकडून यशवंतरावांचा, म्हणजे मंदाच्या यजमानांचा आवाज आला. “ताई… मंदा गेली.” मी विचारलं, “कुठं गेली?” खरंच असं विचारलं मी. डायलिसिसला गेली असेल, लेकीकडं गेली असेल, असलंच काहीतरी डोक्यात आलं. चहा उतू जाऊन गॅस विझला तरी मी फोन धरून तिथंच उभी होते.

मंदा आणि मी एकदमच टेलिफोन एक्स्चेंजात नोकरीला लागलो. ट्रंक कॉलचे दिवस ते. ती पाचोडची, मी इथलीच, क्रांती चौकाच्या पाठीमागं वाढलेली. कानाला हेडफोन लावून आम्ही शेजारी शेजारी बसायचो आणि सबंध जिल्ह्याच्या सुखदुःखाच्या लाईनी जोडून द्यायचो. कॉल जोडला आणि पलीकडं चिडीचूप झालं, की बाकीच्या मुली लाईन तोडून मोकळ्या व्हायच्या. मी तर पहिली. मंदा माझा हात धरायची. “तोडू नको गं उषे. माणूस हाय पलीकडं. श्वास येतोय.” आणि खरंच थोड्या वेळानं कुणीतरी हुंदका गिळून बोलायला लागायचं. असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. साहेबांच्या नुसत्या खाकरण्यावरून रजा मिळणार की नाही ते ती सांगायची.

रिटायर झाल्यावर पोटभर वाचायचं, असा तिचा बेत होता. तर साखरेनं तिचे डोळेच नेले. आधी पेपरातली बारीक अक्षरं गेली, मग मोठी, मग माझा चेहरा. त्या दिवसांत ती फार चिडचिडी झाली होती, भेटायला गेलं तरी भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. शेवटी पुण्याहून तिची लेक प्रज्ञा आली आणि तिनं आईच्या फोनमध्ये ऐकायच्या पुस्तकांचं ॲप टाकून दिलं. मी नाक मुरडलं. पुस्तक काय ऐकायची गोष्ट आहे? मंदा म्हणाली, “का गं? माझ्या मायनं काय वाचून दाखवल्या होत्या गोष्टी?” आणि त्या दिवसापासून बाईसाहेब जिवंत झाल्या!

तिच्या मायची एक रीत होती. पाचोडला दिवसभर दुसऱ्याच्या रानात खपून आल्यावर ती पोरांना गोष्ट सांगायची, पण ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचाच. वाक्य संपलं की ‘हूं’. हुंकार थांबला की माय समजायची, पोरं झोपली. मग गोष्ट तिथंच थांबवायची, पोरांच्या अंगावर वाकळ घालायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं. मंदानं ही रीत सरळ मशीनला लावली. पुस्तक वाचणाऱ्या त्या न पाहिलेल्या बाईला ती मनापासून हुंकार द्यायची. दुसरा नियम तिचा स्वतःचा होता, जागेपणी अध्याय अर्धवट सोडायचा नाही. ॲपमध्ये अर्ध्या तासानं आपोआप बंद व्हायची सोय असते, ती मी तिला कौतुकानं दाखवायला गेले तर म्हणाली, “त्याला काय कळतंय आपण झोपलो का जागे हाओत? आपला हुंकार थोडाच ऐकतंय ते!” मी घाईची बाई, आवाजाचा वेग वाढवून ऐकायचे. तेही तिला खपायचं नाही. “असं पळत वाचतं का कुणी? कुत्रं लागलंय का तिच्या मागं?”

ऐकण्यातली मजा मला तिनंच शिकवली, हे कबूल करायला हवं. फोन रिकाम्या पातेल्यात उभा केला की आवाज कसा भरदार घुमतो, ते तिनंच शोधलं. भाजी निवडताना विनोदी ऐकावं, इस्त्री करताना रहस्यकथा ऐकू नये (माझी एक चांगली साडी त्यात गेली), हे तिचे सिद्धांत. वाचणाऱ्या बाईचा घसा बसलाय, हे तिला दुसऱ्याच वाक्यात कळायचं. “आज सर्दी झालीय बिचारीला, पान उलटताना नाक ओढलं बघ.” एकदा आम्ही क्रांती चौकातून रिक्षानं तिच्या घरी निघालो होतो. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या, आणि खुनाची गोष्ट रंगात आलेली. मंदाचे हुंकार आणि ‘अगं बाई, हाच तो मेला!’ ऐकून रिक्षावाल्याला राहवेना. “खाला, आवाज खुला छोडो ना. किसने मारा, मेरेकु भी सुनना है.” मंदानं लगेच इअरफोन उपटला. त्या नादात पठ्ठ्यानं सिडकोचं वळणच चुकवलं. घर आलं तरी अध्याय बाकी होता, म्हणून इंजिन बंद करून आम्ही तिघं रिक्षातच बसलो, आणि यशवंतराव गॅलरीतून ओरडत राहिले, “अगं उतर की! का मुक्काम हाय तिथंच?”

यशवंतरावांना या सगळ्याचा कंटाळा होता. कन्नडच्या साखर कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेला माणूस, पुस्तकाच्या वाटेला कधी गेला नाही. मंदाचा हात थरथरायला लागला, फोनवर बोट नीट पडेना, तेव्हा प्रज्ञानं बोललेलं ऐकणारा गोल स्पीकर पाठवून दिला. मंदा त्याला डबी म्हणायची. ‘चालू हो’ म्हटलं की चालू, ‘थांब’ म्हटलं की थांबते, अध्यायाचा नंबर सांगितला की तिथून लावते. मला प्रज्ञाचा जुना टॅब मिळाला. मग रोज दिवेलागणीला मंदा फोन लावायची, ‘एक, दोन, तीन’ म्हणून आम्ही आपापल्या घरी एकच अध्याय सुरू करायचो, आणि फोनवरून एकमेकींचे हुंकार ऐकायचो. तिच्याकडची बाई माझ्याकडच्या बाईपेक्षा अर्धा शब्द मागं असायची. रोज एकच अध्याय, आणि कुणीही पुढं जायचं नाही. तसं ठरलंच होतं आमचं.

शेवटची कादंबरी दोन बहिणींची होती. विहिरीच्या वाटणीवरून अबोला धरलेल्या. धाकटीच्या मुलीचं लग्न निघतं, आणि थोरली त्या लग्नाला येणार की नाही यावर सगळं पुस्तक टांगलेलं. मी म्हणायचे, येणार. मंदा म्हणायची, “नाय यायची. लई ताठ हाय ती.” अध्याय संपला की उद्या काय होईल त्याचा अंदाज करायचा आमचा खेळ असायचा, आणि त्यात मंदा कधी चुकत नसे. पण शेवटच्या दिवसांत तिचे सगळे अंदाज चुकायला लागले. इतके चुकायला लागले की मला धास्तीच बसली. तिचं रक्त आठवड्यातून कितीदा तरी मशीनमधून फिरत होतं, आवाज खोल गेला होता. आता डोकंही चाललं हिचं, असं वाटून मी फोन ठेवल्यावर पदर तोंडाला लावून रडायचे. तिला मात्र म्हणायचे, “हरलीस की नाही आज पुन्हा?” आणि ती हसायची.

तिच्या पुण्यानुमोदनाला मी गेले. बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली, आम्ही घरचेच तेवढे उरलो. डबी मंदाच्या उशाशी होती तिथंच होती. तिच्याकडं बघत प्रज्ञानं विचारलं, “बाबा, आईचं ते पुस्तक राहिलंच ना अर्धवट?” यशवंतराव खाली मान घालून म्हणाले, “नाय. झालं की पुरं. दुपारच्याला मी अन् ती ऐकायचो. पुरं ऐकून गेली.” प्रज्ञाच्या चेहऱ्यावर जरा समाधान आलं. आणि माझ्या…? खरं सांगते, मला राग आला. मेलेल्या माणसावर रागवावं का? पण आला! आमचं पुस्तक तिनं माझ्या आधी ऐकलं, आणि तेही कुणाबरोबर, तर ज्यांना पुस्तकाचा वास सहन होत नव्हता त्यांच्याबरोबर. घरी येताना रिक्षात बसले आणि मग लख्ख उजेड पडला. तिचं डोकं गेलेलं नव्हतं. तिला पुढचं सगळं ठाऊक होतं, आणि मला कळू नये म्हणून ती मुद्दाम चुकत होती. आपल्याजवळ वेळ नाही हे ओळखून तिनं दुपारचे अध्याय पळवले आणि संध्याकाळी माझ्यासाठी मागं येऊन बसत राहिली. हे कळलं तरी राग गेला नाही. उलट त्यात भर पडली. मला सांगितलं असतं, तर मीही दुपारची आले नसते का? टॅब मी कपाटात टाकला. साड्यांच्या खाली.

असेच काही आठवडे गेले. एका संध्याकाळी, त्याच वेळेला, फोनवर पुन्हा मंदाचं नाव उमटलं.  यशवंतराव होते. “ताई, पुढचं ऐकलं का तुम्ही?” मी तुटकपणे नाही म्हटलं. “मग लावा की. मी हाय हिकडं. हुंकार देतो.” मी म्हटलं, “तुमचं तर झालंय ना ऐकून, भाऊजी?”  ते म्हणाले, “पुन्हा ऐकतो.” त्या आवाजात असं काहीतरी होतं की मी मुकाट्यानं कपाट उघडलं.

दोघं रोज ऐकू लागलो. भाऊजींना गोष्ट पाठ होती, त्यामुळं वाक्य संपायच्या आतच त्यांचा हुंकार यायचा. “अहो, तिला बोलू तरी द्या!” म्हणून मी त्यांच्यावर खेकसायचे. असं करत शेवटचा अध्याय आला. मांडव पडला, वऱ्हाड उतरलं, धाकटी दर घटकेला रस्त्याकडं बघतेय. आणि एकदाची बैलगाडी थांबली. थोरलीनं दाराशी येऊन पायातल्या चपला काढल्या… मी ‘हूं’ म्हटलं. पलीकडून आवाज आला नाही. पुढचं वाक्य झालं, त्याच्या पुढचं झालं. हुंकार नाही. मी टॅब बंद केला. “भाऊजी?” पलीकडं डबी बोलतच होती. मग त्यांनी तिला ‘थांब’ म्हटलं.

“ताई, हितून पुढचं मला ठाऊक नाय.”

मला काही उमजेना. ते हळूहळू सांगू लागले. त्या दुपारी जेवण झाल्यावर मंदानं शेवटचा अध्याय लावायला सांगितलं. तिचा हुंकार बारीक येत होता, पण येत होता. थोरलीनं चपला काढल्या आणि तो थांबला. “मला वाटलं डोळा लागला. तिच्या मायचीच रीत ना, हुंकार थांबला की थांबवायचं. मी डबीला थांब म्हणलो, चादर घातली, अन् बाहेर जाऊन बसलो. चहाला उठवायला गेलो, तर…” मग त्यांनी विचारलं, “पोरीला कसं सांगू, आईचं पुस्तक मीच बंद केलं म्हणून? पण ताई, मला एकच सांगा. हुंकार देता येत नसंल तिला, पण ऐकत असंल तर? आवाज बंद झाल्यावर कळलं असंल का तिला?”

 ‘तोडू नको गं उषे, माणूस हाय पलीकडं…’ सगळ्या जन्मात मंदानं शांत लाईन कधी तोडली नाही, आणि तिचीच… हे मला त्या क्षणी आठवलं आणि मी ते ओठांच्या आत दाबून धरलं. नाही कळलं हो भाऊजी, झोपेतच गेली ती, असं ठामपणे म्हणाले. ते खरं आहे की नाही मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणूनच आजही मध्येच हातातलं काम थांबतं. मग मी त्यांना डबी मंदाच्या उशीशेजारी ठेवायला सांगितली, एक, दोन, तीन म्हटलं, आणि आम्ही दोघांनी पुस्तक संपवलं. थोरली आत आली की उंबऱ्यावरूनच परत फिरली, ते इथं लिहिणार नाही. दुसऱ्याचा शेवट फोडलेला मंदाला चालत नसे.

आता रोज दिवेलागणीला भाऊजींचा फोन येतो. नवं पुस्तक लावलंय. मंदासारखी निवड आम्हाला येत नाही, त्यामुळं ते भलतंच रटाळ निघालंय. परवा तर मला खुर्चीतच डुलकी लागली. जाग आली तेव्हा टॅबवरची बाई वाचतच होती आणि फोन मांडीवर तसाच चालू होता. मी किती वेळ हुंकार दिला नव्हता कोण जाणे. पलीकडं डबी चालू होती. भाऊजींनी ती थांबवली नव्हती. माझ्याही वाटणीचा हुंकार ते एकटेच देत होते… ‘हूं’. जरा थांबून पुन्हा, ‘हूं’.

मी फोन तोंडाशी नेला आणि ‘हूं’ म्हटलं. भाऊजी एकदम रडायला लागले. डबी चालूच होती.