हलकी गाडी

फोन वहिनीचा होता. "ताई, तुमचे दादा गेले... मी येऊ का घ्यायला भोकरदनला?" नवरा अंगणात निजवलेला, आणि ही बाई मला आणायला जीप काढायला निघालेली! हे दादानंच करून ठेवलेलं. महिना होऊन गेला, आता सांगावंसं वाटतंय.

दादा माझा थोरला भाऊ. लष्करात ड्रायव्हर होता, तोही विमानातून उड्या मारणाऱ्या जवानांच्या तुकडीत. त्यांची जीपसुद्धा पॅराशूट बांधून आभाळातून खाली टाकत. मागोमाग जवान उतरत, तिचे पट्टे कापत आणि तिला चालू करून निघत. अशा गाडीला दारं नसतात, छप्पर नसतं, टाकीही काठोकाठ भरत नाहीत. सुट्टीवर आला की तो हे रंगवून सांगायचा आणि आम्ही शेंगा फोडत ऐकायचो. निवृत्त होऊन पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात घर बांधलं, जुनी जीप घेतली, तेव्हा मात्र आमची करमणूक संपली. घेतल्या घेतल्या त्यानं तिचं छप्पर काढलं, दारं काढली, आणि शेवटी ड्रायव्हरशेजारची सीटही काढून ओसरीवर ठेवली.

"दादा, इथं कोण तुला विमानातून टाकून राह्यलं?" मी विचारलं.

"चिखल हाय ना, मंग? काळ्या रानात जड गाडी फसती, हलकी निघती."

खरंच होतं ते. पावसाळ्यात भल्याभल्यांचे ट्रॅक्टर रुतायचे आणि आमचे दादासाहेब शीळ घालत निघून जायचे. पण अर्ध्या टाकीच्या नादापायी चांगल्या डांबरी रस्त्यावर, टेंभुर्णीच्या अलीकडं, रिकामा कॅन घेऊन पायी चालतानाही तेच दिसायचे.

वहिनी ओसरीवरच्या त्या सीटवर बसून भाजी निवडायची. "माझंच वजन जादा झालं बघा," म्हणायची. हसून म्हणायची, पण रेणुकाईच्या देवळात ती एकटी पायी जायची. दादाच्या लेखी गाडी म्हणजे ड्यूटी, आणि ड्यूटीवर बायकोला नेत नाहीत. मला त्याचा राग यायचा. अजूनही थोडा आहे.

मग त्याचं हृदय थकलं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. घर रानात, लेक लांब दिलेली, दवाखाना भोकरदनला... आपल्यामागं ही इथं अडकून पडेल, या एका काळजीनं त्याला घेरलं. त्यानं वहिनीला स्टिअरिंगवर बसवायचं ठरवलं. शिकवायचं तर शेजारी बसायला हवं, म्हणून ओसरीवरची सीट पुन्हा गाडीत आली. नट आवळता आवळता दम लागून तो थांबला... आणि म्हणाला, "आता जादा वजन मीच हाय." वहिनीनं त्याच्या हातातला पाना घेतला आणि उरलेले नट स्वतः आवळले.

पहिल्या दिवशी तिनं गाडी थेट तुरीत घातली. एरवी तापट असलेला दादा ओरडला नाही. "बराबर हाय. आता मागं घे," एवढंच. कापसाच्या वेचणीपर्यंत ती परवाना काढून बाजारहाट करू लागली. शेजारी तो, मांडीवर पिशव्या घेऊन. दोघं शेवटचं माझ्याकडं आले, तेव्हा निघताना मीही पंपापर्यंत गेले. "टाकी पूर्ण भर," त्यानं तिला सांगितलं. मी चमकून पाहिलं.

"आता कुठून टाकायची न्हाई गाडी," तो म्हणाला. "घरी पोचायचंय हिला."

परवा वहिनीबरोबर देवळात गेले. शेजारच्या सीटवर बसायला लागले, तर तिनं हात आडवा धरला. "मागं बसा, ताई." बसले मागं, पत्र्यावर, नारळाच्या पिशवीशेजारी. ओढ्याजवळ चाक चिखलात फिरायला लागलं. मी आपलं सहज म्हणाले, "वहिनी, ती सीट काढून टाका की. हलकी होईल गाडी."

"न्हाई," तिनं गिअर टाकला. "ह्यांना बसायला लागती." आणि तिनं गाडी चिखलातून बाहेर काढली.